डेकलखालची चंदेरी झाक डेकल लावण्याआधीच तयार झालेली असते

प्रश्न : मी रत्नागिरीला राहतो. यंदा जून-जुलैत एअरफिक्स कंपनीचं, मूळ विमानाच्या 1/72 मापाचं, स्पिटफायर एमके 1 (मार्क 1) या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल बांधलं. माझं हे पहिलंच किट. सूचनापत्रकातल्या क्रमाने गेलो, तरी बरंच बिघडलं. डाव्या पंखाच्या मुळाशी फट राहिली. पुट्टी भरून घासली, पण रंग दिल्यावर तिथे आणि पाठीवरच्या सांध्यावर रेघ पुन्हा उमटली. कॅनपी (वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) सुपरग्लूने चिकटवली, ती दुसऱ्या दिवशी आतून पांढरी झाली. डेकल्सभोवती (पाण्यात भिजवून लावायच्या खुणांच्या पातळ चित्रांभोवती) चंदेरी झाक दिसते. शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारला तर अख्ख्या विमानावर पिठूळ थर आला. हाताने रंगवल्यामुळे ब्रशचे फराटे दिसतात ते वेगळेच. आता तेच किट पुन्हा मागवलं आहे. या वेळी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) घेऊनच सुरुवात करावी का? आणि हेच विमान भारतीय हवाई दलाच्या खुणांत करता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नमस्कार. तेच किट पुन्हा घेतलंत हे फार चांगलं केलंत. कुठला भाग कुठे बसतो हे आता तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे सगळं लक्ष सांध्यांकडे आणि पृष्ठभागाकडे देता येईल.

एअरब्रशचं आधी सांगतो. या किटसाठी घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या दोषांपैकी फराटे सोडले तर एकही एअरब्रशने टळला नसता, आणि फराटे रंग पातळ करून टळतात. तुमच्या पत्रातली खरी गोम वेगळी आहे. झाक दिसली डेकलवर, पण ती झाली रंगाच्या खडबडीत थरामुळे. रेघ दिसली रंगावर, पण ती झाली पुट्टी घाईने घासल्यामुळे. फट दिसली पंख चिकटवल्यावर, पण तिचं कारण बहुधा कॉकपिट बसवतानाच तयार झालं होतं. म्हणून प्रत्येक दोषाच्या एक-दोन पायऱ्या मागे जाऊन बघू.

पंखाच्या मुळाची फट

स्प्रू, म्हणजे भागांची ती चौकट, आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाऱ्यावर सुकवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. पाणी कोमटच घ्या, कढत पाण्यात पातळ भाग वाकतात.

भाग कापताना निप्पर (कापायची पकड) भागाला टेकवू नका. 2 मि.मी. लांबून कापा आणि उरलेला खुंट धारदार पात्याने थोडा थोडा सोलून काढा. हे नुसतं देखणेपणासाठी नाही. सांध्याच्या कडेवर अर्ध्या मिलिमीटरचा खडा राहिला तरी दोन्ही बाजू पूर्ण मिटत नाहीत, आणि तो अर्धा मिलिमीटर पुढे पंखाच्या मुळाशी फट म्हणून बाहेर येतो. रंगाचंही तसंच. कॉकपिटची जमीन, पाठीमागची भिंत, उपकरणांची फळी हे सगळं आधी रंगवावं लागतं. पण त्यांच्या कडांवर आणि ज्या खाचांत ते बसतात तिथे चढलेला रंग खरवडून काढायलाच हवा. दोन-तीन हात रंग बसला की कॉकपिट हवं त्यापेक्षा रुंद होतं, धडाचे दोन भाग जोर लावून मिटवावे लागतात, आणि धड किंचित पिळलं की एका बाजूचा पंख नीट बसतो, दुसऱ्या बाजूचा बसत नाही. तुमची फट एकाच बाजूला आहे म्हणून आम्हाला हीच शंका आहे. शिवाय प्लास्टिकचा सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा गोंद, रंगाला धरत नाही; तो प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे रंगलेल्या कडेवर तो वाया जातो.

गोंदाचं झाकण उघडण्याआधी धड, खालचा एकसंध पंख आणि वरचे दोन अर्धे पंख मास्किंग टेपने नुसते बांधून बघा. ट्यूबलाइटसमोर धरा. जिथून उजेडाची रेघ येते तिथे काहीतरी अडतंय. ते शोधून घासा आणि पुन्हा बांधा. या कामाला अर्धा तास गेला तर पुट्टीचे तीन दिवस वाचतात.

आता क्रम. सूचनापत्रक सांगतं की वरचे पंख खालच्या पंखाला चिकटवून अख्खा पंख धडाला लावा. तसं केलं की चुकीला जागाच उरत नाही, सगळी फट मुळाशी जमा होते. त्याऐवजी खालचा पंख धडाला टेपने नुसता धरा, वरचा अर्धा पंख जागी ठेवून धडाच्या बाजूला घट्ट दाबा आणि आधी मुळाचा सांधा पातळ सिमेंटने जोडा. पातळ सिमेंटच्या बाटलीतल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव फटीतून आपोआप धावतो. टेपच्या कडेजवळ मात्र ब्रश नेऊ नका, टेपखाली सिमेंट शिरला की प्लास्टिकवर कायमचा डाग पडतो. दोन्ही बाजूंची मुळं धरली की मग पंखाची पुढची आणि मागची कड जोडा. काही फरक उरलाच तर तो खालच्या बाजूला, पोटाशी जातो, आणि तिथे तो भरणं सोपं असतं.

स्पिटफायरचे पंख टोकाकडे सुमारे 6 अंशांनी वर उचललेले असतात. मुळाची वरची फट बऱ्याचदा पंख खाली झुकल्यामुळे पडते. एका पंखाच्या टोकापासून पाठीवरून दुसऱ्या टोकापर्यंत टेपची पट्टी ताणून लावा. टोकं वर येतात आणि फट मिटते. किती ताणायचं याचा अंदाज येण्यासाठी जाड पुठ्ठ्यावर 100 मि.मी.ची आडवी रेघ काढा, तिच्या टोकाला 10.5 मि.मी. उभी रेघ काढा आणि तिरकी रेघ जोडून कापा. हा 6 अंशांचा पाचर. असे दोन करून दोन्ही पंखांखाली लावून बघा. पंख टोकाकडे पातळ होत जातो, त्यामुळे पाचर तंतोतंत बसणार नाही. दोन्ही बाजूंना ते सारखंच बसलं पाहिजे, एवढंच बघायचं.

एवढं करूनही केसाएवढी फट राहिली तर ती घासायची पुट्टी भरू नका. तिथली गोलाई हे या विमानाचं मोठं लक्षण आहे आणि सँडपेपर ती सपाट करून टाकतो. अशा फटीत पाण्याने पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टी किंवा साधा पांढरा फेविकॉल टूथपिकने भरा आणि ओल्या इअरबडने लगेच एका दिशेने पुसून घ्या. फटीतला राहतो, बाहेरचा निघतो. फेविकॉल सुकल्यावर घासला जात नाही, म्हणून तो फक्त बारीक फटीलाच. मूळ विमानालाही तिथे पत्र्याची कड आहे, तेव्हा मुळाशी अगदी हलकी रेघ राहिली तर ती चूक मानू नका.

पाठीवरची रेघ रंगानंतर परत का येते

पाठीवरून शेपटीकडे जाणारी मधली रेघ मात्र घालवावीच लागते. तुम्ही पुट्टी भरली, वरून सुकलेली दिसली, घासून सपाट केली. पण द्रावकाची पुट्टी वरून सुकते आणि आत ओली असते. आतलं द्रावक पुढचे दोन-तीन दिवस उडत राहतं, पुट्टी आकसते आणि खड्डा पडतो. सिमेंटचंही तेच. विरघळलेलं प्लास्टिक पूर्ण कडक होण्याआधी घासलं की ते नंतर खाली बसतं. वर रंगाचा थर चढला की ही बारीकशी दरी नजरेत भरते.

धडाच्या सांध्याला खरं तर पुट्टी लागूच नये. दोन्ही कडांना सिमेंटचा हात द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा, पुन्हा एक हात द्या आणि दोन्ही भाग मिटवून हलकेच दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक सरी बाहेर येईल, सुईच्या जाडीची. ती पुसू नका, बोटही लावू नका. हीच तुमची पुट्टी, आणि ती विमानाच्याच प्लास्टिकची आहे. टेपने बांधून पूर्ण 48 तास ठेवा. मग पात्याची धार उभी धरून ती सरी खरवडा, 400 नंबरचा पेपर जेमतेम दोन-चार वेळा, मग 600, मग 1000, सगळे पाण्यात भिजवून.

मोठा खड्डा असेल तर रिकाम्या स्प्रूचे बारीक तुकडे सिमेंटच्या जुन्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवा. मधासारखं दाट झालं की वापरा. कडक व्हायला तीन-चार दिवस लागतात, पण ते भोवतालच्या प्लास्टिकइतकंच कडक होतं, त्यामुळे घासताना पुट्टी खाली आणि प्लास्टिक वर असा प्रकार होत नाही.

सांधा गेला की नाही हे रंगावर सोडू नका. सांध्यावरून फक्त अर्धा सेंटिमीटर रुंद रुपेरी रंगाचा पट्टा ओढा. रुपेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही. रेघ दिसली तर अजून काहीच बिघडलेलं नाही, पुन्हा भरा आणि घासा. घासण्यात पुसल्या गेलेल्या पॅनलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा जाड चिकटपट्टीच्या कडेने सुईचं टोक दोन-तीनदा हलक्या हाताने ओढून परत कोरता येतात. जोर लावलात तर सुई घसरलीच म्हणून समजा.

कॅनपी

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि घट्ट होताना त्याची वाफ उडते. ती वाफ जवळच्या स्वच्छ पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसते, बोटांचे ठसे असतील तिथे आणखी ठळक. कॉकपिट बंद, वाफेला बाहेर जायला वाट नाही, त्यात रत्नागिरीचा जुलै. याहून वेगळं काही होणंच शक्य नव्हतं.

पारदर्शक भागाला सुपरग्लू कधीच नको. शाळेच्या हस्तकलेला वापरतात तो पांढरा फेविकॉल एमआर पुरे. टूथपिकच्या टोकाने कडेला पातळ रेघ द्या, कॅनपी ठेवा, जागेवर सरकवायला काही मिनिटं मिळतात. बाहेर आलेला गोंद ओल्या ब्रशने पुसा आणि रात्रभर हात लावू नका. सुकल्यावर तो पारदर्शक होतो. आणखी एक काळजी घ्या. धडाचे सांधे जोडून दोन दिवस झाल्याशिवाय कॅनपी बंद करू नका. आत साचलेली सिमेंटची वाफसुद्धा काच अंधुक करते.

पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं. निप्पर जवळ लावला तर आत पांढरी चीर जाते आणि ती कशानेही निघत नाही. लांबून कापा, उरलेलं फक्त घासून काढा. मग चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये कॅनपी बुडवा, चिमट्याने उचला, एक कोपरा टिश्यूवर टेकवून जादा द्रव निथळू द्या आणि धूळ बसू नये म्हणून डबीखाली 24 तास झाकून ठेवा. बारीक ओरखडे नाहीसे होतात आणि काच पाण्यासारखी दिसते. चौकटीच्या पट्ट्या रंगवताना पहिला हात कॉकपिटच्या आतल्या हिरव्याचा द्या आणि त्यावर बाहेरचा रंग. बाहेरून बघताना पट्टीची आतली बाजू हिरवी दिसते, जशी दिसायला हवी तशी.

रंग, हातानेच

फराटे येतात ते दोन कारणांनी. रंग दाट असतो, किंवा अर्धवट सुकलेल्या रंगावर ब्रश परत फिरतो. टामियाचा ॲक्रिलिक रंग एअरब्रशला सुंदर आहे, पण ब्रशखाली दुसरा हात पहिल्या हाताला उचकटतो. हाताने रंगवायला वालेहोसारखा पाण्याचा ॲक्रिलिक किंवा हम्ब्रोलचा इनॅमल घ्या.

हम्ब्रोलमध्ये तुम्हाला लागतील ते नंबर असे : वरच्या बाजूला डार्क अर्थ 29 आणि डार्क ग्रीन 30, खाली स्काय साठी 90, कॉकपिटच्या आत 78. स्काय हे नाव फसवं आहे. पुष्कळ जण आकाशी निळा लावतात. हा रंग प्रत्यक्षात फिकट हिरवट आहे. आणि तो या विमानांच्या पोटावर जून 1940 पासून आला. त्याआधी पोट एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पांढरं असे. तेव्हा जी खूण निवडाल त्या विमानाचा काळ बघा आणि मगच पोटाचा रंग ठरवा. वरच्या नक्षीचेही ए आणि बी असे दोन नमुने होते, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. मूळ विमानाचा फोटो मिळाला तर तोच प्रमाण माना.

मॅट इनॅमलची डबी नुसती हलवून भागत नाही. रंगाला मॅट करणारी पूड तळाशी घट्ट बसलेली असते. स्प्रूच्या काडीने तळ खरवडत तीन मिनिटं ढवळा. काडी बाहेर काढल्यावर टोकाला गाठी दिसल्या तर अजून ढवळा. हे टाळलं की पंखावर एक पट्टा मॅट आणि शेजारचा चकचकीत येतो. मग थोडा रंग वेगळ्या झाकणात घेऊन थिनरने दुधाइतका पातळ करा.

ब्रश चपटा, मऊ, 6 ते 8 मि.मी. रुंद. पहिला हात दिल्यावर खालचं प्लास्टिक दिसेल आणि तुम्हाला अस्वस्थ वाटेल, दिसू द्या. ओढलेल्या जागी परत जाऊ नका. ॲक्रिलिक असेल तर पावसाळ्यात चार-पाच तास, इनॅमल असेल तर दोन दिवस थांबून दुसरा हात आडव्या दिशेने द्या. तिसरा पुढून मागे, वारा जातो त्या दिशेने. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा पातळच बसतात. आधी पोटाचा फिकट रंग, मग डार्क अर्थ सगळीकडे, आणि शेवटी डार्क ग्रीनचे पट्टे.

पट्ट्यांची कड धूसर हवी, म्हणून एअरब्रश लागतो, असं सांगितलं जातं. हिशेब करून बघा. मूळ विमानावर दोन रंगांच्या सीमेवरचा धूसर पट्टा 2-3 इंच रुंद धरला तर 1/72 ला तो पाऊण ते 1 मि.मी. भरतो. हातभर अंतरावरून ही कड जवळपास रेखीवच दिसते. तेव्हा ब्रशने काढलेली स्वच्छ कड या मापाला शोभते. उलट एअरब्रशने पाच मिलिमीटरचा धुरकट पट्टा केला तर तो मूळ मापात एक फुटाहून जास्त होतो, आणि तेच खोटं दिसतं. सूचनापत्रकातलं वरून दिसणारं चित्र पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत 156 मि.मी. येईल इतकं मोठं करून झेरॉक्स काढा, नक्षी कापा आणि मऊ पेन्सिलीने मॉडेलवर बाह्यरेषा उतरवून घ्या.

चंदेरी झाक

मॅट रंग मॅट दिसतो कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डेकल ठेवलं की त्याची पातळ फिल्म उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांत हवा अडकते. त्या हवेवरून उजेड परततो, तीच तुमची चंदेरी झाक. डेकल कितीही चांगलं असो, खाली हवा असेल तर झाक येणारच.

म्हणून सगळे रंग पूर्ण सुकल्यावर चकचकीत वार्निशचे दोन पातळ हात द्या. ब्रशनेही चालतात. दुसऱ्या दिवशी पंखावर बोट फिरवून बघा. काचेवरून फिरल्यासारखं वाटलं तर तयार. कुठे खरखर लागली तर तिथे 2000 नंबरचा ओला पेपर अलगद फिरवून आणखी एक हात. झाक टाळण्याचं नव्वद टक्के काम इथेच होतं.

डेकल कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद भिजवा, बाहेर काढून टिश्यूवर ठेवा आणि कागदावरून आपणहून सरकेपर्यंत वाट बघा. पाण्यातच तरंगू दिलंत तर मागचा गोंद धुऊन जातो. जिथे लावायचं तिथे मायक्रो सेट या डेकल बसवायच्या द्रावणाचा हात, त्यावर डेकल सरकवा, ओल्या ब्रशने जागेवर आणा, मधून कडेकडे पाणी आणि हवा इअरबडने टिपत न्या. मायक्रो सेट मिळालं नाही तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन काम भागतं. डेकल धरलं की वरून मायक्रो सोल हे दुसरं द्रावण. हे फिल्म मऊ करतं. काही मिनिटांत डेकल सुरकुततं आणि आता ते वाया गेलं असं वाटतं. या क्षणी हात लावायचा नाही. लावलात तर मऊ झालेली फिल्म फाटते. तासा-दोन तासांत ते आपोआप ताणून बसतं आणि पॅनलच्या रेषांत उतरतं. दुसऱ्या दिवशी दिवा तिरका धरून बघा. कुठे चमक उरली असेल तर बारीक सुईने तिथे चार-पाच छिद्रं पाडा आणि पुन्हा सोल लावा.

सगळी डेकल्स बसली की आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने भोवतालचा गोंद पुसून काढा, नाहीतर तो पुढे पिवळसर डाग धरतो. वरून पुन्हा चकचकीत वार्निशचा एक हात. न वापरलेली डेकलशीट झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कोकणातल्या हवेत उघडी राहिली तर गोंद ओलावा धरतो.

एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. पंखांच्या पुढच्या कडेला बंदुकांच्या तोंडांवर लाल चौकोनी पट्ट्या येतात. मूळ विमानात आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या आणि त्यांची तोंडं कापडी पट्ट्यांनी झाकलेली असत. पहिल्याच फैरीत त्या फाटत. तेव्हा लाल पट्ट्या शाबूत दाखवणार असाल तर त्यांच्यामागे पंखावर धुराचे काळे ओघळ काढू नका. एक्झॉस्टच्या (इंजिनाच्या धुराच्या नळ्यांच्या) मागे धडावर मात्र काढा, राखाडी-तपकिरी, कोरड्या ब्रशने, अगदी थोडे.

पिठूळ थर

स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतली वाफ त्या थंड थरावर दवासारखी जमते. ओलावा वार्निशमध्ये अडकला की थर दुधाळ होतो. डबा नीट हलवला नसेल किंवा थर जाड बसला असेल तर मॅट पुडीचाही पांढुरका थर येतो. तुमच्याकडे दोन्ही झालं असण्याची शक्यता आहे, पण जुलै म्हटल्यावर पहिलं तर नक्की.

स्प्रे मारायचा असेल तर हवेची आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या आत हवी. एक छोटा आर्द्रतामापक कामाच्या टेबलावर असू द्या. तुमच्याकडे याचा अर्थ दसरा-दिवाळीनंतरची कोरडी दुपार. तोवर बांधणी, घासणी, कॉकपिट आणि ब्रशचे रंग बिनधास्त करा. अगदीच थांबवत नसेल तर पाण्याचं मॅट वार्निश मेकअपच्या स्पंजने टिपून लावा. स्प्रे वापराल तेव्हा डबा दोन मिनिटं हलवा, 20-25 सें.मी.वरून मारा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. आधी जुन्या चमच्यावर मारून अर्धा तास थांबा. काम उघड्या खिडकीपाशी, तोंडाला द्रावकाच्या वाफेचा मास्क लावूनच. एसीच्या बंद खोलीत हवा कोरडी असते म्हणून तिथे स्प्रे मारण्याचा मोह होईल. वाफ कोंडते, ते करू नका.

भारतीय खुणा

हे किट एमके 1 चं आहे, आणि त्यावर भारतीय हवाई दलाच्या खुणा लावल्या तर ते विमान खोटं ठरेल. भारतीय स्क्वाड्रनकडे स्पिटफायर आली ती 1944 मध्ये, आठव्या स्क्वाड्रनकडे, आणि ती एमके 8 होती. फरक नुसत्या रंगाचा नाही. एमके 8 चं नाक लांब, पंखा (प्रोपेलर) चार पात्यांचा, मागचं चाक आत जाणारं, आणि पोटाखाली दोन्ही पंखांना सारखे रेडिएटर. एमके 1 ला पंखा तीन पात्यांचा, उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्याखाली लहानसा ऑइल कूलर. हे बदल पुट्टीने करण्यापेक्षा एमके 8 चं वेगळं किट घेणं शहाणपणाचं. 1/72 मध्ये एडुआर्डचं येतं, आणि दुसरं स्पिटफायर नीट जमलं की तुमचा हात त्यासाठी तयार असेल.

ते कराल तेव्हा खुणांच्या वर्तुळात लाल रंग नको. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून या भागातल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरून लाल काढून टाकला होता. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा मध्य एवढंच राहिलं. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर बघायला मिळते. पंखाचं मूळ धडाला कसं मिळतं ते तिथे नीट बघून घ्या. कुठल्याही चित्रापेक्षा ते लवकर कळतं.

पहिल्या विमानाचं काय करायचं

टाकू नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी पोटाच्या छोट्या भागावर, ज्या जातीचं मॅट वार्निश होतं त्याच जातीच्या चकचकीत वार्निशचा हलका फवारा मारा. द्रावक जुना थर मऊ करतं, अडकलेला ओलावा सुटतो आणि दुधाळपणा बहुतेक निघतो. जमलं तर अख्ख्या विमानावर करा आणि दुसऱ्या दिवशी मॅटचा पातळ हात द्या. डेकलची झाक आता वार्निशखाली गेली आहे, तिथे सोल पोचणार नाही. मात्र फिल्मची जी पारदर्शक किनार चमकते तिच्यावर त्या-त्या जागेचा रंग शून्य नंबरच्या ब्रशने भरला तर ती नजरेआड होते. सूक्ष्म अक्षरांची बारीक डेकल्स (स्टेन्सिल्स) सोडून द्या, मोठी वर्तुळं आणि अक्षरं एवढ्यावरच करा. पाठीवरच्या रेघेला आता हात लावू नका, घासलंत तर आजूबाजूचा रंगही जाईल.

कॅनपी वाचेल. विमान पिशवीत गुंडाळून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो. मग कडेखाली पातळ पातं सरकवून हलकेच पिळा, टक्कन सुटेल. सुटली नाही तर जोर न लावता पुन्हा तासभर ठेवा. सुटलेल्या कॅनपीच्या आतल्या बाजूला पितळ घासायचं पॉलिश इअरबडवर घेऊन लहान लहान गोल फिरवत राहा. बड काळा पडला की नवा घ्या. पाच-सात मिनिटांनी साबणाच्या पाण्यात धुवा आणि वर्तमानपत्रावर ठेवून बघा. खालची अक्षरं स्वच्छ वाचता आली की वार्निशमध्ये बुडवा, आणि या वेळी फेविकॉलने बसवा.